काटापट्टी, हिशोबपट्टी आणि पीआयडी १ : एका कंटेनरचं प्रकरण

नाशिकच्या अंबड भागातली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आणि निफाड तालुक्यातला तिचा एक कांदा व्यापारी ग्राहक, यांच्यातलं हे प्रकरण. दोघांची नावं बाजूला ठेवतो. काम काय होतं ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं दुखणं त्या कामाच्या वेगाशी बांधलेलं आहे.

लिलावात भाव ठरला की शेतकऱ्याच्या हातात सौदापट्टी पडते. ट्रॅक्टर भुईकाट्यावर जातो, भरलेलं वजन होतं, खळ्यावर माल उतरतो, रिकामा ट्रॅक्टर पुन्हा काट्यावर येतो. दोन वजनांची वजाबाकी म्हणजे निव्वळ माल. त्यावरून हमाली, तोलाई, वाराई असं जे काय ठरलेलं असेल ते धरून हिशोबपट्टी निघते आणि पैसे मिळतात. हंगामात हे दिवसभर एकामागोमाग चालतं. पट्टी दहा मिनिटं अडली तर काट्यापासून रस्त्यापर्यंत रांग लागते आणि दिवाणजींचा फोन येतो.

या कंपनीचा प्रोग्राम काट्याच्या इंडिकेटरवरून सीरिअल केबलने वजन वाचायचा आणि हिशोबपट्टीची पीडीएफ काढून छापायचा. मूळ मांडणी जुनी पण धड होती. खळ्याच्या ऑफिसात एक सर्व्हर, त्यावर डेबियन लिनक्सची एक व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन) आणि तिच्यात सिस्टिमडीच्या, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकाच्या, देखरेखीखाली चार सेवा: नोडमध्ये लिहिलेलं वेब अ‍ॅप, पायथनमधला काटा-वाचक, रात्रीची कामं करणारा क्रॉन आणि पोस्टग्रेस डेटाबेस. व्यापाऱ्याने दुसरीकडे आणखी एक खळं घेतलं, तेव्हा तीच प्रणाली तिथे पटकन उभी करता यावी म्हणून सगळं डॉकरमध्ये न्यायचं ठरलं. डॉकरमध्ये प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका साच्यात, म्हणजे इमेजमध्ये, भरतात आणि त्यावरून कंटेनर, म्हणजे स्वतंत्र डबा, चालवतात. डेटाबेस वेगळ्या कंटेनरात गेला. बाकीच्या तिन्ही सेवा एकाच इमेजमध्ये गेल्या आणि त्यांना सुरू करायला बॅशची, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची, एक छोटी स्क्रिप्ट लिहिली गेली: क्रॉन मागे सोडा, काटा-वाचक मागे सोडा, शेवटी नोड समोर चालवा.

म्हणजे घर बदलताना सामान सगळं आलं, कारभारी मात्र जुन्या घरीच राहिला. व्हर्च्युअल मशीनमध्ये सिस्टिमडी जे काही न बोलता करत होता, ते आता कोण करणार हा प्रश्न कुणी विचारला नाही. मला बोलावलं तोवर कंपनीने त्यावर एकामागून एक मलमपट्ट्या केल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीने एक दुखणं जाऊन दुसरं आलं होतं.

दहा सेकंद

पहिली तक्रार हिशोबनिसाची होती. पट्ट्यांच्या क्रमांकात मधेच खाडा पडायचा. क्रमांक घेतला गेलेला, पण कागद नाही. तारखा जुळवल्यावर दिसलं की ज्या दिवशी प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवली, त्याच दिवशी खाडे आहेत. नोडच्या अ‍ॅपमध्ये तर बंद होताना हातातली पट्टी पूर्ण करून मगच थांबण्याची सोय व्यवस्थित लिहिलेली होती. ती कधी चाललीच नव्हती.

कारण असं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, पीआयडी नेमस्पेस (प्रोसेस म्हणजे चालता प्रोग्राम, पीआयडी म्हणजे तिचा क्रमांक, नेमस्पेस म्हणजे त्या क्रमांकांची वेगळी यादी) ही सोय २.६.२४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून आहे, आणि कंटेनर तिच्यावरच उभे आहेत. नेमस्पेसमधली पहिली प्रोसेस ही तिथली पीआयडी १, आणि कर्नल तिला खऱ्या मशीनच्या इनिटसारखंच, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी उठणाऱ्या प्रोसेससारखंच, वागवतो. इतर प्रोसेसना सिगटर्म, म्हणजे 'आवरून थांब' असा सिग्नल, आला आणि त्यांनी त्याच्यासाठी काही लिहून ठेवलं नसेल, तर त्या मरतात. पीआयडी १ मात्र मरत नाही. तिने स्वतः हाताळणी लिहिली नसेल तर सिग्नल तिच्यापर्यंत पोचतच नाही. इनिट चुकून मेला तर सगळं मशीन कोसळेल, म्हणून हे संरक्षण आहे.

इथे पीआयडी १ होती ती बॅशची स्क्रिप्ट. 'डॉकर स्टॉप' म्हटलं की डॉकर सिगटर्म पाठवतो आणि काही वेगळं सांगितलं नसेल तर १० सेकंद थांबून सिगकिल, म्हणजे बाहेरून आल्यावर पीआयडी १ लाही न टळणारा मरणाचा सिग्नल, मारतो. बॅशने सिगटर्मसाठी काहीच ठेवलेलं नाही, म्हणून तो सिग्नल वाया. नोडला तर काही कळवलंच जात नाही, कारण डॉकर सिग्नल फक्त पीआयडी १ ला देतो. १० सेकंदांनी सिगकिल येतो, पीआयडी १ जाते आणि तिच्याबरोबर कर्नल नेमस्पेसमधल्या झाडून सगळ्या प्रोसेस मारतो. छपाई अर्धवट.

हे ओळखायला फार खटपट लागत नाही. थांबलेल्या कंटेनरचा एक्झिट कोड, म्हणजे बंद होताना मागे ठेवलेला आकडा, १३७ असेल (१२८ अधिक सिगकिलचा क्रमांक ९), तर तो सिगकिलने गेला. स्वतः थांबवलेला कंटेनर दर वेळी नेमका दहा सेकंद घेऊन १३७ दाखवत असेल, तर पीआयडी १ बहिरी आहे असं समजायचं. शंका उरली तर प्रॉक फाइलसिस्टिममध्ये, म्हणजे कर्नल चालू प्रोसेसची माहिती फाइलींसारखी दाखवतो तिथे, १ क्रमांकाच्या प्रोसेसची स्टेटस फाइल उघडावी आणि 'सिगसीजीटी' ही ओळ बघावी. प्रोसेस कोणते सिग्नल पकडते त्याची ती नोंद असते. इथल्या बॅशच्या ओळीत सिगचाइल्ड आणि सिगइंट या दुसऱ्या सिग्नलांचे बिट होते, सिगटर्मचा १५ वा बिट शून्य.

पोस्टग्रेसच्या कंटेनरला हा त्रास कधीच झाला नाही, त्याचं कारणही पाहण्यासारखं आहे. सिगटर्म मिळाला की पोस्टग्रेस नव्या जोडण्या नाकारतो, पण जुने क्लायंट आपणहून जाईपर्यंत वाट बघत बसतो. म्हणून त्याच्या अधिकृत इमेजने थांबवण्याचा सिग्नल बदलून सिगइंट ठेवला आहे. तो मिळाला की जोडण्या तोडून डेटाबेस नीट बंद होतो. इमेज बनवणाऱ्याने हा विचार आधीच करून ठेवला होता. स्वतःची इमेज बनवताना तो आपल्याला करावा लागतो.

एग्झेकने काय सुटलं, काय बिघडलं

कंपनीतल्या एकाने उपाय वाचला आणि स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत नोडच्या आधी 'एग्झेक' लिहिलं. आता बॅश जाऊन त्याच जागी, त्याच क्रमांकावर नोड येतो. नोडमध्ये सिगटर्मची हाताळणी होतीच. पट्टी पूर्ण व्हायला लागली, खाडे थांबले. उपाय बरोबर होता, फक्त अपुरा होता.

पीआयडी १ चं दुसरं काम आहे अनाथ प्रोसेस सांभाळण्याचं. कुठल्याही प्रोसेसचा पालक, म्हणजे तिला सुरू करणारी प्रोसेस, आधी मेला की ती पीआयडी १ च्या पदरात येते. ती स्वतः मेली की तिची एक नोंद कर्नलच्या तक्त्यात उरते, आणि पालकाने 'वेट' करून ती उचलेपर्यंत जात नाही. या न उचललेल्या नोंदी म्हणजे झॉम्बी. बॅश हे काम सहज करतो, परक्या पोरांच्याही नोंदी उचलतो. नोड मात्र स्वतः जन्माला घातलेल्या प्रोसेसचीच वाट बघतो. म्हणजे बॅश असेपर्यंत जे दुखणं नव्हतं, ते एग्झेकने नोडला पीआयडी १ केल्यावर उगवलं.

आणि इथे अनाथ पोरांचा सुकाळ होता. पट्टीची पीडीएफ हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या, क्रोमियम ब्राउझरने निघायची. क्रोमियम एकटा येत नाही. त्याची मुख्य प्रोसेस, तिच्या झायगोट, त्यांच्यातून निघणारे रेंडरर असा गोतावळा असतो. एखादी पट्टी अडकली की अ‍ॅप ठरावीक वेळ थांबून मुख्य प्रोसेस मारायचं. खालचे अनाथ होऊन नोडकडे यायचे, मरायचे आणि तसेच राहायचे.

झॉम्बी मेमरी खात नाही, सीपीयू खात नाही. म्हणून देखरेखीच्या पडद्यावर सगळं हिरवं होतं. पण तो एक पीआयडी अडवून बसतो आणि सीग्रुपच्या, म्हणजे प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या, प्रोसेस-मर्यादेत मोजला जातो. कंपनीने कंटेनरवर ती मर्यादा घातलेली होती, आणि घातली हे चांगलंच केलं, नाहीतर हा त्रास सगळ्या सर्व्हरला झाला असता. मर्यादा भरली की नवी प्रोसेस काढता येत नाही, 'रिसोर्स टेम्पररीली अनअव्हेलेबल' असा संदेश येतो. मोकळी मेमरी समोर दिसत असताना हा संदेश वाचणाऱ्याचं डोकं फिरतं. उन्हाळ कांद्याच्या ऐन आवकेत हे झालं. दिवाणजी फोनवर म्हणाले, "भाऊ, वजन येतंय, नाव येतंय, पट्टी काही निघत नाही. शेतकरी माझ्या डोक्यावर उभे आहेत."

आत जाऊन 'पीएस' करून प्रोसेसची यादी काढली तर 'डिफंक्ट', म्हणजे झॉम्बी, अशा ओळींची रांग. त्यांना सिगकिल मारून उपयोग नव्हता, मेलेल्याला काय मारणार. कंटेनर रीस्टार्ट केला की सगळं साफ. म्हणून रोज रात्री रीस्टार्टचं एक काम क्रॉनमध्ये टाकलं गेलं. मी आलो तेव्हा ते चालू होतं आणि त्यावर सगळे खूश होते. असल्या रात्रीच्या रीस्टार्टवर माझा राग आहे. तो बिघाड काढत नाही, फक्त दिसेनासा करतो, आणि आवक वाढेल त्या दिवशी दुपारीच गाठतो.

सुपरव्हायझर आला, कंटेनर 'अप' राहिला

मग कंपनीने सुपरव्हायझरडी बसवला. पायथनमधला हा जुना आणि भरवशाचा प्रोसेस-व्यवस्थापक आहे. तो परक्या झॉम्बीही उचलतो, लॉगमध्ये तशी नोंदही करतो. झॉम्बींचा प्रश्न त्याने सोडवला. पण दोन गोष्टी राहिल्या.

एक लहान. एखादा प्रोग्राम थांबायला सुपरव्हायझर स्वतःहून १० सेकंद देतो आणि मग सिगकिल मारतो. डॉकरही सुपरव्हायझरला १० सेकंदच देतो. आतला आणि बाहेरचा अवधी एकच असला की आतल्याला आवरायला वेळच उरत नाही. बाहेरचा अवधी नेहमी आतल्या सगळ्यांपेक्षा मोठा हवा. डॉकरच्या कंपोझ फाइलमध्ये, म्हणजे कंटेनरच्या मांडणीच्या फाइलमध्ये, तो एका ओळीत वाढवता येतो.

दुसरी मोठी. काट्याच्या केबिनमध्ये कुणीतरी यूएसबी-सीरिअलची वायर काढून पुन्हा लावली. यजमान मशीनवर, म्हणजे ज्याच्यावर कंटेनर चालतो तिथे, ते उपकरण नव्या नावाने उगवलं. कंटेनरला मात्र सुरू होताना दिलेलं जुनंच नाव माहीत. काटा-वाचक सुरू व्हायचा, उपकरण न दिसल्याने लगेच मरायचा. सुपरव्हायझर मूळ मांडणीत तीन वेळा पुन्हा प्रयत्न करतो आणि मग त्या प्रोग्रामला 'फेटल' ठरवून गप्प बसतो. तो स्वतः जिवंत असतो. पीआयडी १ जिवंत म्हणजे डॉकरच्या लेखी कंटेनर 'अप'. रीस्टार्टचं धोरण लागूच होत नाही, कारण काही मेलेलंच नाही. पुढचे कित्येक तास वजनं हाताने टाकली जात होती आणि अंबडच्या ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. वजन हाताने टाकणं ही बाजारात साधी गोष्ट नाही. त्यावरून भांडणं होतात.

हेल्थचेक, म्हणजे आतलं काम चालू आहे का हे तपासणारी कमांड, लावला असता तर? कळलं असतं, एवढंच. साधा डॉकर कंटेनरला 'अनहेल्दी' म्हणतो, पण आपणहून रीस्टार्ट करत नाही.

कुठल्या मरणावर काय करायचं

इथवर आल्यावर कंपनीतला वाद 'इनिट हवा की नको' असा रंगला होता. एक बाजू म्हणत होती, कंटेनरात एकच प्रोसेस हा धर्म आहे. दुसरी म्हणत होती, सरळ सिस्टिमडीच आत घालू. दोन्ही बाजू पुस्तकातून बोलत होत्या. मी फळ्यावर प्रत्येक सेवेपुढे एकच प्रश्न लिहिला: ही मेली तर कोण मरायला हवं?

वेब अ‍ॅप मेलं तर काटा-वाचकाने मरण्याचं कारण नाही. वजनं येत राहावीत, अ‍ॅप पुन्हा उठलं की घेईल. काटा-वाचक मेला तर अ‍ॅपने मरू नये, पण बोंब मारावी. क्रॉन मेला तर कुणीच मरू नये, आणि क्रॉनला कंटेनरात राहण्याचंही कारण नाही. उत्तरं अशी आली की तिघांना एकत्र ठेवण्यामागे 'आधी एकत्र होते' याशिवाय काही उरलं नाही.

म्हणून खळ्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर मांडणी फोडली. वेब अ‍ॅप आणि त्याचा क्रोमियम एका कंटेनरात, कारण ते खरोखर एकमेकांचे आहेत. त्यांच्यावर टिनी. टिनी म्हणजे इनिटमधलं कमीत कमी: एकच पोर चालवायचं, त्याच्याकडे सिग्नल पोचवायचे, अनाथांच्या नोंदी उचलायच्या, पोर गेलं की त्याचाच एक्झिट कोड घेऊन जायचं. जानेवारी २०१७ च्या १.१३ आवृत्तीपासून डॉकरबरोबरच येतो, 'इनिट' हा पर्याय चालू करायचा की झालं. इमेजमध्ये काही घालावं लागत नाही.

टिनीबद्दल एक सावधगिरी. तो सिग्नल फक्त आपल्या थेट पोराला देतो. मधे बॅशची स्क्रिप्ट असेल आणि तिच्यात एग्झेक नसेल, तर सिगटर्मने बॅश मरतो, तो आता पीआयडी १ नाही ना. टिनीला वाटतं काम संपलं, तो १४३ देऊन बाहेर पडतो आणि कर्नल नोडला सिगकिलने मारतो. म्हणजे पुन्हा तेच खाडे, फक्त दहा सेकंद न थांबता. टिनी आल्यावर एग्झेक काढून टाकायला कंपनीतला एक मुलगा निघालाच होता. दोन्ही लागतात.

क्रॉन यजमान मशीनच्या सिस्टिमडी टायमरवर गेला. त्याचा आणखी एक त्रास आपोआप गेला: कंटेनरला दिलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे बाहेरून दिलेली सेटिंग, क्रॉन आपल्या कामांना देत नाही, त्यामुळे रात्रीच्या अहवालाला डेटाबेसचा पासवर्ड मिळावा म्हणून तो एका फाइलमध्ये उघडा लिहून ठेवला होता. ती फाइल गेली, आणि रात्रीचा रीस्टार्टही गेला.

काट्याच्या केबिनमध्ये मात्र एस६

काटा-वाचकासाठी केबिनमध्ये वेगळा छोटा पीसी ठेवला. तिथे तीन कामं: इंडिकेटर वाचून वजन एका एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलमध्ये टाकणं, ते ऑफिसच्या सर्व्हरकडे पाठवणं आणि बाहेरच्या फलकावर दाखवणं. नियमाने तीन कंटेनर व्हायला हवेत. मी तो आग्रह धरला नाही. तिघांची फाइल एक, आवृत्ती एक, आणि केबिनमधल्या माणसाने अडचणीत एकच गोष्ट बंद-चालू करायची. पाठवणारा आणि फलक मेले तर जागच्या जागी उठावेत. वाचक उठेचना, तर मात्र सगळा कंटेनर पडावा, म्हणजे बाहेरून सगळ्यांना दिसेल. हे नियम ज्याला सांगता येतील असा खरा इनिट इथे हवा होता.

लोरां बर्को यांच्या एस६ या प्रोसेसवर पहारा ठेवणाऱ्या संचावर बांधलेला एस६-ओव्हरले निवडला. त्यात प्रत्येक सेवेवर एक छोटा पहारेकरी असतो. सेवेची एक 'रन' स्क्रिप्ट, हवी तर एक 'फिनिश' स्क्रिप्ट. सेवा गेली की फिनिश चालते आणि तिला एक्झिट कोड मिळतो. सिग्नलने गेली असेल तर त्या जागी २५६. वाचकाच्या फिनिशमध्ये आम्ही लिहिलं: उपकरण सापडत नाही असा कोड असेल तर कंटेनरचा एक्झिट कोड नोंदवा आणि हॉल्ट करा. बाकी कशानेही गेला तर काही करू नका, पहारेकरी उठवेल. कंटेनर पडला की डॉकरचं रीस्टार्ट धोरण लागू होतं. यूएसबीसाठी यजमानावर यूडेव्हचा, म्हणजे उपकरणांना नावं देणाऱ्या सेवेचा, नियम घालून उपकरणाला कायमचं नाव दिलं, त्यामुळे पुन्हा सुरू होताना कंटेनरला योग्य उपकरण मिळतं. रीस्टार्ट वारंवार होऊ लागला की अंबडला संदेश जातो.

बसवताना दोन ठेचा ठरलेल्या आहेत. एस६-ओव्हरलेला पीआयडी १ व्हावंच लागतं. सर्व्हरवरची कंपोझ फाइल जशीच्या तशी उचलली आणि 'इनिट' पर्याय चालू राहिला, तर टिनी पहिल्या जागेवर बसतो आणि एस६ सुरू व्हायलाच नकार देतो. दुसरं, एस६-ओव्हरले सेवांना कंटेनरचं एन्व्हायर्नमेंट आपणहून देत नाही. रन स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'विथ-कंटेन्व्ह' लागतो. क्रॉनची आठवण होते, पण इथे निदान उपाय नेटका आहे.

आता नवी आवृत्ती ग्राहकाकडे जाण्याआधी अंबडमध्ये दोन परीक्षा होतात. छपाई चालू असताना कंटेनर थांबवायचा आणि एक्झिट कोड शून्य आहे, पट्टी पूर्ण आहे हे बघायचं. मग चालता क्रोमियम मारायचा आणि थोड्या वेळाने डिफंक्ट ओळी मोजायच्या.

राहिलेली व्हर्च्युअल मशीन

सिस्टिमडीवाल्या बाजूचं म्हणणं पूर्ण चुकीचं नव्हतं. याच व्यापाऱ्याची जुनी हिशोबाची एक व्हर्च्युअल मशीन अजून आहे. तिच्यातले प्रोग्राम स्वतःच्या युनिट फाइलींसह (सेवा कशी चालवायची हे सिस्टिमडीला सांगणाऱ्या फाइली) पॅकेजमधून आलेत, मूळ लिहिणारे कधीच निघून गेलेत आणि त्या युनिट पुन्हा लिहिण्यात कुणालाही रस नाही. तिला कंटेनरात न्यायची असेल तर सिस्टिमडीसकटच न्यावी, आणि डॉकरऐवजी पॉडमन या कंटेनर चालवणाऱ्या दुसऱ्या साधनावर. आत सिस्टिमडी चालणार आहे हे पॉडमन स्वतः ओळखतो, रन आणि टेम्प या डिरेक्टरींवर टेम्पएफएस, म्हणजे मेमरीतली तात्पुरती फाइलसिस्टिम, लावतो, सीग्रुपची व्यवस्था करतो आणि थांबवण्याचा सिग्नल सिगआरटीमिन अधिक ३, म्हणजे सिस्टिमडीला खरोखर बंद व्हायला सांगणारा, ठेवतो. शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण पीआयडी १ असलेल्या सिस्टिमडीला साधा सिगटर्म दिला तर तो थांबत नाही, स्वतःलाच पुन्हा नव्याने सुरू करतो.

अडचण लॉगची आहे. आतल्या सेवा सिस्टिमडीच्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे जर्नलमध्ये, लिहितात, त्यामुळे पॉडमनच्या लॉगमध्ये त्यांचं काहीच दिसत नाही. जर्नलचं कन्सोलवर पाठवणं चालू करून बघायचं आहे. लाल कांद्याची आवक सुरू व्हायच्या आत ते जमलं तर मशीन हलवू, नाहीतर हंगाम संपेपर्यंत आहे तिथेच राहील.